डोकरीला ‘जा’ म्हणायचं राहिलं

बायकोला जाळून महिना होऊन गेला होता. दाढ दुखत होती म्हणून मी जव्हारला गेलो आणि परतीची गाडी लागेपर्यंत स्टँडसमोर चहाच्या टपरीवर बसलो. चहावाला माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही त्या मोबाईलमधल्या आजीचे आजोबा ना?"

मी मान हलवली.

"आजी बऱ्या आहेत ना? काल बघितलं त्यांना. उडदाचं डांगर केलं होतं. मी घरच्यांना दाखवलं, म्हटलं, ह्या वयात हात बघा कसा चालतो."

मी चहा अर्धा ठेवून उठलो. गालावर हात होताच, दाढ ठणकली असं त्याला वाटलं असेल. काल बघितलं म्हणतो. ज्या हातांबद्दल बोलत होता ते मी माझ्या डोळ्यांनी लाकडावर ठेवलेले बघितले होते.

मोखाड्याच्या गाडीत खिडकीला बसलो. घाट कधी गेला मला कळलं नाही. आधी वाटलं, चहावाल्यानं जुनंच काहीतरी बघितलं असेल. पण घरी येऊन शेजारणीला मोबाईल उघडायला लावला तर खरंच होतं. आदल्या दिवशी टाकलेलं. माझी बायको चुलीपुढं बसलीय, डांगर कालवतेय, हसतेय. खाली लोकांनी लिहिलं होतं. शेजारणीनं दोनतीन वाचून दाखवली. आजी, शंभर वर्षं जगा. आजी, तुमच्याकडं जेवायला येणार. मी म्हटलं, बस कर.

आता हे सगळं सुरू कसं झालं ते सांगतो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, लिहिताना पुढचं मागं होईल.

आमचा पाडा पोशेऱ्याच्या अलीकडं, उतारावर. थोडं भात, थोडी नागली. मुलगा शिकला, जव्हारला क्लार्क झाला, तिथंच खोली घेऊन राहिला. सून डी.एड. झालेली. तिला मास्तरीण व्हायचं होतं, पण भरती निघत नव्हती. शिकलेलं माणूस रिकामं बसलं की कुजतं. तिनं मोबाईलवर स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकायला घेतले. पहिले तिचे स्वतःचे, जव्हारच्या खोलीतल्या गॅसवरचे. ते काळं कुत्रं बघत नव्हतं. मग एकदा दोघं इथं आली होती. आमचा सिलिंडर संपला होता म्हणून डोकरीनं जुनी चूल पेटवली होती आणि भाकर थापत होती. डोकरी म्हणजे माझी बायको, आमच्यात म्हातारीला डोकरी म्हणतात. सुनेनं सहज मोबाईल धरला. तो व्हिडिओ बघायला माणसं लोटली. तेव्हापासून दर शनिवारी दोघं मोटरसायकलवर हजर.

शनिवारी आमचं घर आवरायला घ्यायची. आवरायचं म्हणजे जे होतं ते लपवायचं. प्लास्टिकच्या खुर्च्या गोठ्यात. शेगडी गोणपाटाखाली. पडवीची निळी ताडपत्री सोडून ठेवायची. मोबाईल असा धरायचा की टीव्हीची छत्री दिसणार नाही. मुलाला नोकरी लागली तेव्हा मी हौसेनं भिंतीला गुलाबी ऑइलपेंट मारून घेतला होता. गुळगुळीत, हात फिरवावा असा. त्याच्यावर शेणमाती चढवली आणि वर पांढरी चित्रं काढली. आमच्यात हा चौक लग्नाच्या घरात लिहितात. तो लिहायच्या सवाशिणी ठरलेल्या असतात, आणि मंडप उठला की त्याचं काम संपलं. सुनेला हे माहीत नव्हतं असं नाही. पण ती म्हणाली, लोकांना हेच बघायचं असतं.

डोकरीनं भिंत बघितली आणि मला म्हणाली, "लग्न कोनाचं हाय? ह्या डोकऱ्यासंगं परत लावतात का काय माझं? येक केला त्योच निस्तरत नाय."

सून त्या दिवशी पोट धरून हसली. तीही माणूस वाईट नाही, हे मला सांगितलं पाहिजे.

डोकरीचे पाय सुजायचे म्हणून ती गेली कितीतरी वर्षं घरात मॅक्सी घालायची आणि खांद्यावर टॉवेल टाकायची. व्हिडिओत तिला लुगडं नेसवलं, गुडघ्याच्या वर, माझी आई नेसायची तसं. ते तिला जमत नव्हतं, कासोटा सून घालून द्यायची. मशेरी लावायची नाही. शिवी द्यायची नाही. घरी सून तिला आई म्हणायची आणि मोबाईल चालू झाला की आजी. पहिल्यांदा आजी म्हणाली तेव्हा डोकरीनं मागं वळून बघितलं, कोण म्हातारी आली म्हणून.

मलाही बसवायचे. डोकऱ्यानं नुसतं जेवायचं आणि झकास झालंय म्हणायचं. लोक लिहायचे, असं जोडपं आता बघायला मिळत नाही. मुलगा कौतुकानं वाचून दाखवायचा आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघायचो. आमचं भांडण पाड्याच्या खालच्या टोकाला ऐकू जायचं. जन्मभर तिनं मला सरळ नावानं हाक मारली नाही, मेल्या म्हणाली, मुडद्या म्हणाली. मी तिला काय म्हणायचो ते लिहीत नाही. मी आजारी पडलो तर ती शिव्या देत देत औषध आणायला चालत जायची. असलं कुठं दाखवतात. ते जोडपं दुसरंच कुणाचं तरी होतं, आमच्या घरात शनिवारी राहायला यायचं.

मी एकदा तिला म्हटलं, नाय म्हणून सांग त्यांना. दर शनिवारी उठून हा तमाशा. ती पाय चोळत बसली होती. म्हणाली, "माझं बोलनं कोनी येवढं ऐकून घेतलं हाय का आजवर? तू ऐकलंस? मीठ किती टाकायचा ते ईचारतात मला लोकं. तू कधी ईचारलंस?"

 

पण चूल. गॅस आम्ही घेतला होता तो तिच्या छातीसाठी. धूर लागला की ती खोकायची, वाकून, भिंतीला हात देऊन. डॉक्टरनं सांगितलं होतं, धुरात बसायचं नाही. बाकीचे दिवस ती गॅसवर करायची आणि शनिवारी चुलीपुढं. सून म्हणायची, आई, थोडा वेळच, लाकडं सुकी आणलीत. खोकला आला की थांबायचे. पाणी द्यायचे. मग परत चालू. आणि नंतर तो खोकला कापून टाकायचे. कापता येतो म्हणे. त्या सगळ्या व्हिडिओंत माझी बायको एकदाही खोकलेली नाही.

ती धुरानं मेली असं मी म्हणत नाही. डॉक्टरही म्हणाला नाही. छाती पहिल्यापासून खराब होती. भाताची आवणी उरकली आणि ती अंथरुणाला लागली. मुलानं गाडी करून तालुक्याला नेलं, तिथून नाशिकला. सून तिच्या उशाशी बसून राहिली, तिथं तिनं मोबाईल एकदाही धरला नाही. सातआठ दिवसांत खेळ आटपला. पाऊस इतका होता की सरणावर पत्रा धरायला लागला.

पाड्यावरची सगळी होती, सोयरे होते. बाहेरच्यांना कुणी कळवलं नाही. बाहेरचे म्हणजे ते, मोबाईलमधले. मला तेव्हा त्यांचा विचारही आला नाही.

चहावाल्याचं झाल्यावर पुढच्या शनिवारी दोघं आली तेव्हा मी विचारलं. मुलगा खाली बघायला लागला. म्हणाला, आधी काढून ठेवलेले बरेच व्हिडिओ आहेत बाबा, तेच टाकतोय. दिवाळी झाली की सांगू. आत्ता सांगितलं तर लोक तुटतात.

मी म्हटलं, "तुटूदेत. मेलेल्या आईला जेवण करायला लावतोस, लाज नाय वाटत?"

"लावत कुठं आहे? केलेलंच आहे ना तिनं."

मी सुनेकडं बघितलं. मला वाटलं ती नवऱ्याची बाजू घेईल, व्हिडिओच्या पैशांचा हिशेब सांगेल. ती चुलीजवळ बसली होती. चूल थंड. ती म्हणाली, "बाबा, रोज सकाळी मी त्यातला एक काढून बघते. कुठं कापायचं, कुठं जोडायचं. तेवढा वेळ त्या असतात. मी सांगून टाकलं की संपलं. मला नाही लिहवत ते."

रडली नाही. नखानं चुलीची माती खरवडत बसली. मला त्या दिवशी कळलं की हे जड जाणार आहे, कारण मी आडवा जात होतो तो लोभाला नव्हे.

आता दिसाचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात माणूस मेलं, जाळलं, म्हणजे ते गेलं असं होत नाही. भात झोडून घरात आलं की त्याचा दिस घालायचा. सोयरे येतात. दिस घालणारा रात्रभर गाणं म्हणतो, मेलेल्याला पुढची वाट सांगतो, कुठं नदी लागेल, कुठं वळायचं. सकाळी उन्हं अंगणात आली की पानावर नव्या भाताचा घास ठेवायचा, मेलेल्याचं नाव घेऊन जेवायला बोलवायचं, आणि मग घरातल्या मोठ्यानं तोंडानं सांगायचं, आता जा. इथं तुझं काही राहिलं नाही. मोठ्यानं म्हणायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तोवर ते माणूस ना इकडचं ना तिकडचं. मी बापाला म्हटलंय, आईला म्हटलंय, थोरल्या भावाला म्हटलंय. घसा बसतो, पण जमतं. म्हटलं की घर हलकं होतं. दुसऱ्या दिवशी माणूस कामाला लागतं.

माझं म्हणणं येवढंच होतं. दिस व्हायच्या आधी त्या सगळ्यांना सांगा की ती मेली. इकडं मी जा म्हणायचं आणि तिकडं तुम्ही रोज तिला ये म्हणून बसवायचं, हे चालायचं नाही. मी काही फार देवभोळा नाही. पण एका दारातून दोन हाका मारत नाहीत, येवढं मला कळतं.

मुलगा म्हणाला सांगू. दिवाळी गेली. भात कापलं, झोडलं. म्हणाला, सांगू. दिस ठरला. दिस घालणारा माझा चुलतभाऊच, माझ्याहून म्हातारा, दात पडलेले, आवाज मात्र शाबूत. तो आदल्या दिवशी आला, आत शिरला आणि भिंतीवरचा चौक बघून उभाच राहिला. विचारलं, "लगीन हाय का दिस हाय?" मी म्हटलं, सुनेनं काढलाय. म्हणाला, पुसायला कोणी नव्हतं का. खरं तर मलाच पुसायचा होता. पण त्या भिंतीसमोरच्या कोपऱ्यात ती बसायची, आणि तिकडं हात जात नव्हता.

सुनेनं मला शब्द दिला होता, त्या दिवशी काही टाकणार नाही, काढणारही नाही. तो तिनं पाळला असं तिलाही वाटत होतं.

रात्र गाण्यात गेली. सकाळी ऊन अंगणात आलं. मी अंघोळ करून बसलो. पान मांडलं. नवा भात, थोडी उडदाची डाळ. चुलतभावानं खूण केली. मी तिचं नाव घेतलं. लग्नानंतर मी तिचं नाव कधी घेतलं नव्हतं, जिभेला सवय नव्हती. ये म्हटलं, जेव म्हटलं. सगळी माणसं गप्प होती, कोंबडीसुद्धा गप्प. मला आता ते दोन शब्द म्हणायचे होते.

तेवढ्यात कुडाच्या पलीकडून बाईचा आवाज आला. "कुटं चाललास डोकऱ्या? बस की. आजून हाय."

मला पहिल्यांदा तो कुणाचा ते कळलं नाही, कारण त्यात खोकला नव्हता. मग कळलं. माझ्या मेहुणीचा पोरगा पलीकडं मोबाईल घेऊन उभा होता. नवीन व्हिडिओ आला की त्याला घंटी वाजते, त्यानं सवयीनं उघडला. सुनेनं तो आठ दिवसांपूर्वीच वेळ लावून ठेवला होता आणि विसरली होती. आपोआप जातो म्हणे, माणूस लागत नाही.

पोरानं घाबरून लगेच बंद केलं.  माझ्यासमोर पान होतं, चुलतभाऊ माझ्याकडं बघत होता. म्हणाला, "म्हन."

मी तोंड उघडलं. ती मला बस म्हणाली होती. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, त्या दिवशी मी खरंच कंटाळून पानावरून उठत होतो आणि ती खरंच म्हणाली होती. लोकांना आवडेल म्हणून सुनेनं ठेवलं असेल. पण म्हणाली ती मला होती. आता मी तिला काय म्हणू?

"म्हन रं," चुलतभाऊ परत म्हणाला.

नाही आलं. ऊन पानावरून सरकून गेलं. मुलगा पुढं आला, मी म्हणतो म्हणाला, तर चुलतभावानं त्याला हातानं मागं सारलं. जिता नवरा बसलाय तर तू कोण. मग जेवणं झाली, माणसं हळूहळू उठली. बाया जाताना माझ्याकडं बघत नव्हत्या. सून गोठ्यात जाऊन बसली होती, प्लास्टिकच्या खुर्च्यांत, तिला तिच्या आईनं हात धरून बाहेर आणलं.

त्याच आठवड्यात तिनं सांगून टाकलं. सगळ्यांना. आजी गेल्या, आम्ही लपवलं, आमचं चुकलं. मोबाईलसमोर बसून, साध्या गाऊनमध्ये, केस न विंचरता. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, सुटलो.

तो व्हिडिओ सगळ्यांत जास्त बघितला गेला. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं रडली म्हणे. आणि त्यांनी डोकरीचे सगळे जुने व्हिडिओ परत बघायला घेतले. दुसऱ्यांनीच त्याचे तुकडे केले, मागं बाजा लावला, स्वतःच्या नावानं टाकले. मी मुलाला म्हटलं, आता काढून टाक सगळे. तो म्हणाला, "आपले काढतो बाबा. काढलेच. पण बाकीच्यांनी घेतलेत त्यांचं काय करू? ते आपल्या हातात नाही राहिलं." त्यानं खरंच काढले होते. सून आता मोबाईल हातात घेत नाही, शेजाऱ्यांच्या पोरांना शिकवते. दोघांनाही मी काही बोलत नाही. बोलून काय उपयोग.

मध्ये एक गाडी आली. मुंबईकडची माणसं, नवराबायको. जव्हारचा राजवाडा बघून इकडं वळले होते, विचारत विचारत पाडा शोधला. बाई माझ्या पाया पडली, ओट्यावर बसून रडली. तिची स्वतःची आई गेल्या वर्षी गेली होती. मी पाणी दिलं. ती म्हणाली, चूल बघायचीय. दाखवली. म्हणाली, आजोबा, एकदा पेटवता? मी म्हटलं, बाई, लाकडं ओली आहेत. ओली नव्हती. जाताना तिनं मला तिच्या मोबाईलवर एक तुकडा दाखवला. डोकरी कशाला तरी हसतेय, पदर तोंडाला लावून, थांबतच नाही. बाई म्हणाली, तुम्ही काय बोलला होता हो ह्याच्या आधी? मोबाईलच्या मागून मीच काहीतरी बोललो असणार, तिचं तोंड माझ्याकडं होतं. पण काय बोललो ते कापलेलं होतं, आणि मला आठवत नाही. गाडी गेल्यावर मी अंगणात उभा राहून खूप आठवून बघितलं. अजून बघतो.

परवा चुलतभाऊ आला. काठी टेकत चढ चढला, धापा टाकत ओट्यावर बसला. म्हणाला, ह्या वर्षी भात बरं आहे, अर्धवट राहिलेलं पुरं करू. असं ठेवू नये माणसाला.

मी म्हटलं, "आता माझं किती राह्यलंय. मी मेलो की दोघांचा संगतीच घाल."

त्यानं मान हलवली. म्हणाला, "तसं नाय व्हत. तू जायाच्या आदी तिला तू पाठवली पायजे. तिला दुसरा कोन म्हननार?"

मी म्हटलं, तेच तर तोंडातून निघत नाही.

तो काठी घेऊन उतार उतरला.